लाईट घेतलेल्या बाईचा पेला

खुटबावचे एक आबा दर दोन-अडीच महिन्यांनी आमच्या दवाखान्यात गुडघ्याचा फोटो काढायला येत. गुडघ्याला काय झालंय ते कळावं म्हणून नव्हे. फोटो काढला की गुडघा दुखायचा राहतो, म्हणून. तरुणपणी मेंढरांमागं मुलूख पालथा घातलेला तो गुडघा, दुखणारच. मी मशीन चालू करायचो, घरघर व्हायची, खट्‌ वाजायचं, आणि आबा टेबलावरून टुणकन उतरायचे. "उतरली बघा कळ," म्हणायचे. एकदा मशीन बिघडलं होतं. मी तसं सांगितलं, तर आबा म्हणाले, "बंद तर बंद. निस्ता खाली पडून घेतो. येवढ्या लांबनं आलोय." झोपले, उठले, आणि कळ उतरली असं सांगून गाडीला गेले.

मी तिथला एक्स-रेवाला. पुण्यात वर्षभराचा कोर्स करून सर्टिफिकेट मिळवलेला, छातीवर बॅज लावणारा, दौंड स्टेशनजवळच्या एका खाजगी दवाखान्यातला एकमेव शास्त्रज्ञ. शास्त्रज्ञ हा शब्द माझा नाही, पण कुणी वापरला तर मी हरकत घेत नसे. बॅजमध्ये छोटीशी फिल्म असे. माझ्या अंगावर किती किरण पडले ते मोजायला ती दर महिन्याला मुंबईला पाठवायची, मग तिकडून कागद यायचा. रेल्वे कॉलनीतले लोक त्या बॅजला पोलिसाचा बिल्ला समजत. आमचे डॉक्टर त्याला काहीच समजत नसत. किरण अडवायला शिशाचा एक जड अॅप्रन दवाखान्यात आला होता, तो त्यांनी सीट तापू नये म्हणून आपल्या फटफटीवर टाकून ठेवला होता. मी मागितला की म्हणायचे, "अरे, सीट जुनं झालंय. तू तरुण आहेस."

फोटोचं लोकांना भारी वेड. पोटात गोळा उठला, काढा फोटो. मूल होत नाही, काढा फोटो. एक सासूबाई तर सुनेला घेऊन आल्या होत्या. हिचं चित्त घरात लागत नाही, आत काय आहे ते एकदा बघा, म्हणाल्या. मी फोटो काढला. फासळ्या होत्या. खुटबावच्या आबांनी आपल्या छातीचा फोटो काच बसवून खंडोबाच्या तसबिरीशेजारी लावला होता आणि आल्यागेल्याला ते बोट ठेवून फासळ्या मोजून दाखवत. मला भिंतीवर जागा नव्हती, पण मान होता. बाजारातून चाललो की लोक बसल्या जागेवरून थांबवून सल्ला विचारत. तिशी गाठलेल्या, वस्तीतून पहिल्यांदा मॅट्रिक झालेल्या माणसाला हे फार गोड लागतं. आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटायला लागतं, आणि एकदा तसं वाटायला लागलं की नवीन काही माहीत होणं बंद होतं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात रेल्वेचा संप झाला आणि त्याच महिन्यात राजस्थानात अणूचा स्फोट झाला. संपाचं दुःख दौंडात घरोघर होतं, स्फोटाचा अभिमानही घरोघर होता. अभिमान पहिल्या पंधरवड्यात ओसरला, मग अणू कामाला लागला. चाळीतले कांदे सडले, अणूमुळं. म्हैस गाभ टाकून बसली, अणूमुळं. एका मास्तरांचे केस गळाले, तेही अणूमुळं, जरी ते त्याआधी दहा वर्षं गळतच होते. आणि हे सांगणारी माणसं तीच, जी सोमवारी माझ्या टेबलावर छाती उघडी टाकून "जरा जास्तीचा काढा" म्हणायची. किरणाला फोटो म्हटलं की तो देव, आणि लाईट म्हटलं की तो सैतान. मी समजावायला जायचो. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन विहिरीवर झाकण टाकायचे.

त्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरची दुरुस्ती निघाली. पाइपांचे सांधे आतून नीट जुळलेत का हे बघायला मुंबईहून दोघं जण एक जड पेटी घेऊन आले. माणसाच्या हाडाचा फोटो काढतात तसा लोखंडाचा फोटो काढायची ती पेटी. त्यांनी चारी बाजूंनी दोर बांधला आणि दोरावर पिवळ्या पाट्या अडकवल्या. पाटीवर तीन पात्यांचं चित्र. किरणांपासून जपा, अशी ती जगभरची खूण. कामगारांनी ते चित्र बघितलं आणि सरळ सांगितलं की हा पंखा आहे. पंखा कशाला लावलाय? तर आतली लाईट वारं घालून सगळीकडं पसरवायला. झालं! काम बंद. ह्या हंगामाच्या साखरेत लाईट उतरणार, ती खाल्लेल्या बाईला पोर होणार नाही, इथवर गोष्ट गेली. कारखान्याच्या लोकांनी आमच्या डॉक्टरांना निरोप पाठवला आणि डॉक्टरांनी मला पाठवलं, कारण त्यांना जेवल्यावर झोप लागायची.

मी भाषण केलं. आयुष्यातलं पहिलं. खोलीत दिवा लावला की उजेड पडतो, म्हणालो. दिवा विझवला की भिंतीत उजेड साठून राहतो का? भिंत चाटली तर उजेड पोटात जातो का? लोक हसले. एका फिटरनं हात वर केला. "मग त्यो दोर कशाला हो बांधलाय?" मी म्हणालो, "दिवा जळतोय तोवर लांब राहायचं, म्हणून. पेटी बंद झाली की पाइप म्हणजे निव्वळ पाइप. पाहिजे तर मिठी मारा." टाळ्या पडल्या. मला नारळ मिळाला, गळ्यात हार पडला. काम सुरू झालं. तो दिवा आणि ती भिंत मी पुढं महिनाभर भेटेल त्याला ऐकवत होतो. शिरूरला जाऊन आक्कालाही ऐकवली. ती तांदूळ निवडत ऐकत होती. "बेस बोललास," म्हणाली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तेव्हापासून तीच आई. शिरूरच्या बाजारात आडतीवर कांदे निवडून तिनं मला शिकवलं. तिचा नवरा लवकर गेला, पोरबाळ नव्हतं, त्यामुळं माझ्यावर जीव टाकायला तिला दुसरी अडचण नव्हती. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण चित्र एकदा बघितलं की विसरत नसे. माझ्या लग्नात तिनं स्टीलचे सहा पेले दिले, प्रत्येकावर माझं नाव घालून. तेव्हा स्टील आमच्या वस्तीत नवलाचं होतं. लोक पेला हातात घेऊन तोंड बघायचे.

दिवाळीच्या सुमाराला ती मला आडून आडून सांगू लागली की अंगावरून जायचं थांबत नाही. शिरूरच्या डॉक्टरनं पुण्याला पाठवलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली आणि निघाला तो गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. तिथले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, वेळेत आलात. पाच आठवडे कोबाल्टची लाईट घ्यायची, शनिवार-रविवार सोडून रोज, आणि शेवटी तीन दिवस दवाखान्यात राहून आत रेडियम ठेवून घ्यायचं. पुरी घेतली तर बाई वाचायची चांगली आशा आहे. मधेच सोडली तर मात्र आशा धरू नका. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

शिरूरला आक्काच्या शेजारणींनी आपली तपासणी आधीच उरकली होती. लाईट घेतली की मानूस आतून जळतं. लाईट घेतलेल्या बाईच्या हातचं खाऊ न्हाई. तिची सावली पोटुशीवर पडू देऊ न्हाई. आक्का सगळ्यांना एकच सांगायची, "माझा भाऊ त्याच खात्यात हाय." ती पिशवी घेऊन माझ्याकडं दौंडला राहायला आली, कारण एस.टी.त तिला उलट्या व्हायच्या आणि दौंडहून पुण्याला पॅसेंजर होती. सकाळी तिला घेऊन जायचो, दुपारी परत आणायचो, संध्याकाळी दवाखान्यात लोकांचे गुडघे. घरी बायकोला सातवा महिना होता. आमचं पहिलंच.

पहिल्या आठवड्यात सगळं ठीक होतं. आक्का यंत्राखाली दोन-तीन मिनिटं पडायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "कायबी कळत न्हाई रं. सुई तरी टोचायची." बाहेर बाकावर मी बसायचो, आणि बाकासमोर एक दार होतं. दारावर तोच पंखा. आत रेडियम लावलेल्या बायका. नर्स उंबऱ्यापाशी उभी राहून बोलायची, ताट आत सरकवायची आणि लगबगीनं बाहेर यायची. एकदा एक पोटुशी बाई आईला भेटायला आली तर तिला जिन्यातूनच परत पाठवलं. मी ते बघितलं आणि हिशोब मांडला. आक्कासारखीच बाई, हाच आजार, हीच लाईट, आणि माझ्या घरात सातवा महिना.

विचारायला काय हरकत होती? काहीच नाही. डॉक्टर रोज समोरून जायचे. दोन मिनिटांचं काम. पण पहिल्याच दिवशी मी नर्सला, कंपाउंडरला आणि न विचारता लिफ्टवाल्यालाही सांगून टाकलं होतं की मीही याच लाईनीतला आहे. आता कोणत्या तोंडानं विचारणार, की लाईट घेतलेल्या बाईच्या उष्ट्या पेल्यात किरण राहतात का? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण शाळेत मी दहा वेळा लिहिली होती, आणि दहाही वेळा ती दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं समजून.

तर मी काय केलं. आक्कानं दिलेल्या सहा पेल्यांतला एक घेतला. त्याच्या बुडावर सुईनं कोरून छोटासा पंखा काढला. नुसती फुली मारली असती तरी भागलं असतं, पण मी पडलो तांत्रिक माणूस. खूण करायची तर नियमाप्रमाणं. मग तो पेला आक्काचा ठरवला आणि भांड्यांच्या फळीवर एका टोकाला ठेवायला लागलो. बायकोला सांगितलं, "आक्काला यातच पाणी देत जा. औषधाचं पथ्य आहे." तिनं माझ्याकडं बघितलं आणि बरं म्हणाली. वर माझा बॅज मी फळीखालच्या खिळ्याला अडकवून ठेवला, पेल्यातून काही निघतंय का ते महिन्याअखेरीस मुंबईहून कळावं म्हणून. दवाखान्यात मात्र तो महिना बॅजशिवाय काढला. इतकी काळजी मी किरणांची घेत होतो.

बुडावर खूण केली ती कुणाला दिसू नये म्हणून. हे माझं आणखी एक संशोधन. माणूस पेला तोंडाला लावतो तेव्हा बूड समोरच्याकडं होतं. आक्का पाणी प्यायची आणि तो पंखा रोज माझ्याकडं बघायचा.

तिसऱ्या आठवड्यातला रविवार. सकाळची वेळ. बायकोला वाकता येत नाही म्हणून आक्का मोरीत भांडी घासत होती. मी पेपर वाचत होतो. राखेनं घासता घासता तिनं पेला पालथा केला आणि हात थांबला. मग तिनं बाकीचे पाचही पेले एकेक करून पालथे घातले, बघितले, आणि परत तो सहावा उचलला.

"ह्यो पंखा त्या दवाखान्याच्या दारावरला हाय न्हवं?"

मी पेपर खाली ठेवला नाही. म्हणालो, "असंच आपलं. नक्षी."

"फकस्त माझ्याच पेल्याला नक्षी?"

मग मी बोलायला लागलो. म्हणालो, तसं काही नाही, सातवा महिना आहे, खबरदारी म्हणून, शास्त्रात असं सांगितलंय. शास्त्रात असलं काही सांगितलेलं नव्हतं. आक्कानं ऐकून घेतलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"शिरूरच्या हाटेलात आपला कप भायेर खिळ्याला टांगलेला असायचा," ती म्हणाली. "कान तुटलेला. आपणच धुवायचा, आपणच टांगायचा. च्या वरनं वतायचे. तुला ठावं न्हाई, तू ल्हान हुतास. एकदा तू त्या कपासाठी रडत हुतास, मला बी च्या पायजे म्हणून, आन् म्या तुला उचलून घरी आणला. दीक्षा घेतली त्या दिशी म्या सोताला सांगितलं, आता पुन्यांदा खुणंच्या कपात प्यायचं न्हाई." तिनं पेला पदराला पुसला. "त्या हाटेलवाल्याला तरी ठावं हुतं, आपण काय करतोय त्ये."

बायको मधल्या दारात येऊन उभी होती. आक्का हात धुऊन उठली, आपली पिशवी भरली. मी पाठोपाठ म्हणत होतो, आक्का, उद्या सोमवार आहे, लाईट चुकवायची नाही, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना. ती चपला घालत म्हणाली, "आयकलंय. मरायचं झालं तर माझ्या घरात मरंन. तिथं समदे पेले सारखे हाईत." आणि शिरूरच्या एस.टी.ला गेली, जिच्यात तिला उलट्या व्हायच्या.

परतलो तर बायको फळीसमोर उभी होती. फळीवर पाच पेले होते. ती एरवी माझ्याशी आवाज चढवून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "औषधाचं पथ्य म्हणालात! मला काय माहीत ती तसली खूण आहे? आणि ऐका, संध्याकाळी तुम्ही दवाखान्यात गेलात की मी आन् आक्का रोज एका ताटात जेवतो. त्यांच्या हाताचा घास मला उलटत नाही म्हणून. पाणी बी ज्याच्या हाताला जो पेला लागंल त्यातलं पितो. काय व्हायचं असलं तर होऊन गेलं." एवढं बोलून तिनं खिळ्याचा बॅज काढून माझ्या पेपरवर टाकला.

सोमवारी मी एकटाच पुण्याला गेलो. डॉक्टरांना गाठलं आणि शेवटी तो प्रश्न विचारला. ते आधी हसले, मग हसायचे थांबले, कारण त्यांनी माझा चेहरा बघितला. म्हणाले, "कोबाल्टचं यंत्र बंद झालं की तिच्या अंगात काही उरत नाही. रेडियम लावतो ते तीन दिवस तेवढं लांब राहायचं. ते काढलं की संपलं. तुम्ही तर एक्स-रेचं काम करता ना? फोटो काढून झाल्यावर पेशंटच्या अंगाला हात लावता की नाही?" मी म्हणालो, लावतो. मग ते म्हणाले, दोन-तीन दिवसांचा खंड भरून काढता येईल, आठवडा जाऊ देऊ नका. मी जिना उतरताना लिफ्टवाल्याकडं बघितलं नाही.

मंगळवारी न्हावऱ्यावरून शिरूरला गेलो. आक्का आडतीवर गेलेली नव्हती, घरातच बसली होती. तीन आठवड्यांत ती केवढी वाळली होती ते मला तिच्या घरात दिसलं, माझ्या घरात दिसलं नव्हतं. मी बसलो आणि सुरुवात केली. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. यंत्र, किरण, रेडियम, सगळं नीट, मुद्देसूद. ती मधेच म्हणाली, "तूच म्हणला हुतास की. दिवा इझला म्हंजी भिंतीत उजेड ऱ्हात न्हाई."

"हो."

"मला तवाच पटलं हुतं. म्या अडाणी आसून." ती चुलीकडं वळली. "तुला न्हाई पटलं व्हय?"

कारखान्यात दोनशे माणसांसमोर बोलता आलं होतं. इथं मी तिचे पाय धरले. हे लिहायला लाज वाटते, पण धरले, आणि मोठ्यानं रडलो. ती मला उठ म्हणाली नाही की राहू दे म्हणाली नाही. चहा उकळेपर्यंत मला रडू दिलं. मग दोन कप भरले, त्यातल्या एकातला घोटभर स्वतः प्याली आणि तोच माझ्यापुढं केला.

"पी."

मी प्यालो. ती बघत होती, मी तोंड वाकडं करतो का ते. मी शेवटचा थेंबसुद्धा ठेवला नाही.

"येते उद्या," ती म्हणाली. "तुझ्यासाठी न्हाई. मला मरायचं न्हाई म्हणून, आन् त्या पोरीला वाकता येत न्हाई म्हणून. पर पेल्याचं सांगून ठिवते. त्यो माझ्यापाशीच ऱ्हाईल. आता त्याच्यावर दुसऱ्या कुणाचं तोंड लागायला नगं."

मी म्हणालो, मी ती खूण घासून काढतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. घासलेलं बी दिसतं."

लाईट पुरी झाली. शेवटी रेडियमचे तीन दिवस तिला त्या पंख्याच्या दाराआड ठेवलं. मी भेटायला गेलो तर दारापाशी पट्टा मारलेला होता. मी पट्ट्याबाहेर उभा, ती आत पलंगावर. मला बघून ती आजारपणात पहिल्यांदा मोकळी हसली. "आता लांबच हुबा ऱ्हा हां," ओरडून म्हणाली. "आता खरा नेम हाय. हितं डाक्टर बी तितंच हुबा ऱ्हातो, आन् त्यो कुणाचा कोण हाय ते कुणी इचारत न्हाई." चौथ्या दिवशी तिला बाहेर आणलं तेव्हा नर्सनं तिच्या खांद्यावर हात टाकून रिक्षापर्यंत सोडलं.

महिन्याच्या शेवटी मुंबईहून बॅजचा कागद आला. बॅजवर काहीच आढळलं नाही. विज्ञानानं मला बिनचूक उत्तर दिलं होतं, फक्त ते टपालानं आलं. कागद मी आमच्या डॉक्टरांना दाखवला, तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, "बघ, अॅप्रनची गरजच नाही," आणि फटफटीवर बसून निघून गेले.

आम्हाला मुलगी झाली. दहा बोटं हाताला, दहा पायाला. मी दोनदा मोजली, आणि ते बायकोनं बघितलं. आक्काला पुण्याला तपासणीसाठी आधी दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी नेत होतो, आणि दर वेळी डॉक्टर सगळं ठीक आहे म्हणत. ती परत कांदे निवडायला लागली. शिरूरच्या ज्या शेजारणी तिच्या सावलीला भीत होत्या, त्याच आता गर्भपिशवीचं काही दुखलं की तिला विचारायला यायच्या, आणि एक-दोघी तर लाईट "हातासरशी" मिळेल का म्हणूनही. खुटबावचे आबाही गुडघ्याला हीच मोठी लाईट मिळेल का, म्हणून चौकशी करून गेले. एका माणसाला गुण आला की सैतानाचा देव होतो.

ती आमच्याकडं तपासणीच्या आदल्या दिवशी यायची. पिशवीत पोरीला खाऊ, बायकोला काहीबाही, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला तो पेला. बायकोनं पाणी दिलं की आक्का तिच्या हातातल्या पेल्यातलं आपल्या पेल्यात ओतून घ्यायची आणि मग प्यायची. रागानं नाही. माझ्याशी हसूनखेळून बोलायची, माझ्या हातचं जेवायची, पोरीला मांडीवर घ्यायची. पाणी मात्र त्यातच. पहिल्यांदा मी म्हणालो, आक्का, आता पुरे की. ती म्हणाली, "सवय झाली," आणि विषय बदलला. मग मी म्हणणं सोडलं. मी बरोबर तिच्यासमोर बसणं टाळायचो, पण आमची खोली लहान होती.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात पोर चार वर्षांची होती. दुपारची जेवणं चालली होती. आक्का तिच्या समोर बसून पाणी पीत होती आणि पोरीनं एकदम बोट दाखवलं.

"आत्याच्या पेल्याला फूल आहे!"

आक्कानं पेला खाली घेतला, उलटा करून बघितला, जणू तिलाही नव्यानंच दिसत होतं. "व्हय की. फूल हाय."

"कुणी काढलं?"

"तुज्या बापानं."

"माझ्या पेल्याला का नाही काढलं?" पोर माझ्याकडं वळून रडकुंडीला आली. तिचा पेला तिनं ताटात आडवा केला, पाणी वरणात गेलं. "मला नको हा. मला फुलाचा पाहिजे. मला त्याच्यातच पाणी पाहिजे."

बायकोचा घास हातातच राहिला. आक्काच्या पेल्यात अर्धं पाणी उरलेलं होतं, तिचं उष्टं. तिनं तो पोरीच्या तोंडाजवळ नेला, आणि ओठाला लागायच्या आधी थांबवला. माझ्याकडं बघितलं.

"आदी बापाला इचार, चालतंय का," ती म्हणाली. "ह्यातलं समदं त्यालाच कळतं."

पोरीनं विचारलं. मी मान हलवून हो म्हटलं. पोर दोन्ही हातांनी पेला धरून घटाघटा प्याली. बूड माझ्याकडं होतं.